नातेवाईक अंगावर आले तर डॉक्टरने नेमकं करायचं काय? एका ज्युनिअरच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाइट ड्युटीला कॅज्युअल्टीत एक पेशंट आला, आत तासभर सीपीआर (बंद पडलेलं हृदय छाती दाबून सुरू करायचा प्रयत्न) आणि धावपळ चालली, पेशंट गेला, आणि ज्युनिअर डॉक्टर एकटेच बाहेर सांगायला गेले. चार-पाच नातेवाइकांनी घेरलं, कॉलर धरली, मोबाइल हिसकावला. सिक्युरिटीवाला पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. आता ड्युटी लागली की पोटात गोळा येतो. ते विचारतायत की पेपर स्प्रे जवळ ठेवू का, सेल्फ डिफेन्सचा क्लास लावू का आणि अशा वेळी बोलायचं काय.

पहिले दोन आधी संपवतो. पेपर स्प्रे कॅज्युअल्टीत नको. बंद जागा, एसीची हवा फिरतीये, शेजारच्या बेडवर दम्याचा पेशंट नेब्युलायझर घेतोय, तुम्ही स्प्रे मारला की तो तुमच्यासकट सगळ्यांच्या डोळ्यात आणि छातीत जाणार, आणि हातातून कोणी हिसकावला तर मग बोलायलाच नको. क्लास लावा, पण ठोसे-लाथांचा नाही. मनगट, केस, कॉलर धरली तर झटक्यात सुटायचं कसं एवढंच शिकवणारं ट्रेनिंग असतं, मानसोपचार वॉर्डातल्या स्टाफला देतात, ते उपयोगाचं. सुटायचं आणि निघायचं. हाणामारीत डॉक्टर जिंकला तरी दुसऱ्या दिवशी व्हिडिओत तोच मारताना दिसतो.

आता तिसरा प्रश्न, आणि मला वाटतं खरा प्रॉब्लेम तुम्ही जिथे दाखवताय तिथे नाहीये. कॉलर धरली ही शेवटच्या मिनिटाची गोष्ट. तुमच्याच लिहिण्यात एक वाक्य सहज येऊन गेलंय की आत काम चालू होतं त्यामुळे बाहेर कोणी गेलंच नाही. म्हणजे तासभर त्या माणसांना फक्त बंद दार दिसत होतं, आतून कोणीतरी पळत बाहेर येतंय, काहीतरी घेऊन परत आत जातंय, विचारलं तर "थांबा" म्हणतंय. आणि मग दार उघडून एक तरुण डॉक्टर एकटा बाहेर येतो आणि पहिलंच वाक्य मृत्यूचं. यात तुमचा दोष काढत नाहीये, तुम्ही छातीवर हात ठेवून कॉम्प्रेशन देत होतात, बाहेर जाणार कोण? पण शेवटच्या मिनिटात बोलायचे जादूचे शब्द शोधत बसलात तर हाती फार काही लागणार नाही, कारण ते मिनिट आधीच्या तासाने ठरवलेलं असतं.

हे तुमच्याच वाट्याला आलं असंही समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 8 ते 38 टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीत कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते, आणि शिव्या-धमक्या त्याच्या कितीतरी वर. त्यात सिस्टर, वॉर्डबॉय, रिसेप्शनवाले सगळे आले, उलट सिस्टर पेशंटजवळ जास्त वेळ असतात म्हणून त्यांना जास्त झेलावं लागतं. डॉक्टरांची बातमी होते, त्यांची होत नाही, एवढाच फरक.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी, की सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे आणि सगळ्यात आधी समोरचा कोण आहे यावर. माझ्या अनुभवात तीन प्रकारचे लोक अंगावर येतात आणि तिघांना एकच औषध दिलं की घोटाळा होतो.

पहिला म्हणजे पेशंट स्वतः, ज्याचा मेंदूच ठिकाणावर नाही. साखर खाली गेलीये, ऑक्सिजन कमी पडतोय, डोक्याला मार लागलाय, फिट येऊन गेल्यावरचा गोंधळ आहे, दारू सुटल्यामुळे हात थरथरतायत आणि भिंतीवर काहीतरी दिसतंय, नाहीतर म्हातारा माणूस इन्फेक्शनने बरळतोय. हा माणूस मारतो तेव्हा ते लक्षण असतं. त्याच्याशी वाद घालून, समजावून, दम देऊन काही होत नाही, कारण शोधा. मी ज्युनिअर्सना एवढंच सांगतो की एखादा अचानक आक्रमक झाला तर त्याला "दारुडा" म्हणून बाजूला टाकायच्या आधी ग्लुकोमीटर आणि पल्स ऑक्सिमीटर लावून साखर आणि ऑक्सिजन बघा. दारूचा वास येतो म्हणून साखर तपासायची नाही असं थोडीच असतं, दारू पिणाऱ्याचीच साखर जास्त घसरते. आणि त्याला धरायची वेळ आलीच तर पुरेशी माणसं, एकाच्या सूचना, औषध तयार. एकट्याने झटापट अजिबात नको.

दुसरा प्रकार तुमच्या वाट्याला आला तो. घाबरलेले, खचलेले, अपराधी वाटणारे नातेवाईक. अपराधी हा शब्द मुद्दाम वापरतोय. "दोन दिवस आधी आणायला हवं होतं" हा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो आणि तो स्वतःवर घेणं फार जड जातं, म्हणून समोर जो उभा असेल त्याच्यावर टाकला जातो. इथे बोलण्याला, माहितीला, वेळेला खूप अर्थ आहे. बहुतेक घटना याच प्रकारातल्या आणि टाळता येण्यासारख्याही याच.

तिसरा जरा वेगळा. याला काहीतरी पाहिजे असतं आणि दमदाटी करून ते मिळतं हे त्याला ठाऊक असतं. खोटं सर्टिफिकेट, झोपेच्या गोळ्या, रांग मोडून आधी तपासणी, नाहीतर बिलात माफी. किंवा कित्येक दिवस राग धरून बसलेला असतो. अमेरिकेत टल्सा इथे जून 2022 मध्ये पाठीच्या ऑपरेशननंतर दुखतंय म्हणून वारंवार फोन करणाऱ्या पेशंटने बंदूक आणून आपल्या सर्जनला आणि आणखी तिघांना मारलं. असल्या माणसापुढे गोड बोलून भागत नाही. त्याच्यासाठी नियम ठरलेले हवेत आणि धमकीचा पहिला फोन येतो तेव्हाच तो नोंदवून वरपर्यंत पोचवायला हवा. "असं बोलतात लोक" म्हणून सोडून देणं हे या प्रकारात सगळ्यात महागात पडतं.

जागेवरही अवलंबून आहे. एकट्याचा दवाखाना, मोठं हॉस्पिटल, मानसोपचार वॉर्ड, घरी व्हिजिट, प्रत्येकाची गणितं वेगळी, त्यामुळे मी इथून पुढे कॅज्युअल्टी धरूनच बोलतो.

आधी त्या एका तासाबद्दल. वाट बघणं माणसं सहन करतात, काही न कळता वाट बघणं सहन होत नाही. इंग्लंडमध्ये डिझाइन कौन्सिलने साधारण 2011 ते 2013 च्या काळात एक साधा प्रयोग केला. इमर्जन्सी विभागात ठिकठिकाणी पाट्या लावल्या, तुम्ही आता कुठल्या टप्प्यावर आहात, पुढे काय होणार, तुमच्यानंतर आलेल्याला आधी का घेतात वगैरे. जिथे त्या लावल्या तिथे धमकावणारे हावभाव आणि आक्रमक वागणं जवळपास निम्म्याने कमी झालं. ना गार्ड वाढवले ना कॅमेरे. याउलट नुसत्या "स्टाफशी गैरवर्तन सहन केलं जाणार नाही" छापाच्या पाट्यांवर माझा फार विश्वास नाही. त्या असाव्यात, पण ज्याला त्या वाचून शहाणपण यायचंय तो तसाही मारणारा नसतो.

गंभीर पेशंट आत घेतला की पहिल्या पाचेक मिनिटात कोणीतरी बाहेर जाऊन तीन गोष्टी सांगायच्या. आत काय चाललंय, परिस्थिती किती गंभीर आहे, आणि परत किती वेळाने सांगायला येणार. आणि मग त्या वेळेला खरंच जायचं, नवीन सांगण्यासारखं काही नसलं तरी जायचं. "अजून हृदय सुरू झालेलं नाही, प्रयत्न चालू आहेत" हीसुद्धा बातमी आहे. यात अजून एक फायदा आहे जो पुस्तकात सहसा कोणी सांगत नाही, की मृत्यूची बातमी एकदम अंगावर कोसळत नाही, ती हप्त्याहप्त्याने पोचते. बाहेर जाणारा डॉक्टरच पाहिजे असंही नाही. शिफ्ट सुरू होतानाच ठरवून ठेवायचं की आज सीपीआर लागला तर बाहेरचं कोण सांभाळणार. सिनिअर सिस्टर असेल, सोशल वर्कर असेल, पण नाव ठरलेलं पाहिजे. "कोणीतरी जाईल" म्हटलं की कोणीही जात नाही. नातेवाइकांकडूनही एकच माणूस ठरवून घ्या ज्याच्याशी तुम्ही बोलाल, नाहीतर तेच पाच जणांना पाच वेळा सांगाल आणि पाच वेगवेगळे अर्थ बाहेर फिरतील.

मग येतात चिन्हं. मारहाण आभाळातून पडत नाही, आधी दिसते, बघायची सवय लागली की. ऑस्ट्रेलियात इमर्जन्सीतल्या अभ्यासातून 2007 मध्ये पाच खुणांची यादी आली होती: टक लावून बघणं, आवाज चढणं किंवा टोमणे मारणं, घालमेल, तोंडातल्या तोंडात पुटपुटणं आणि येरझाऱ्या. दाखल पेशंटसाठी नॉर्वेची ब्रोसेट चेकलिस्ट आहे, सहा गोष्टी बघून पुढच्या 24 तासांचा अंदाज घेतात: गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, शब्दांनी धमकी, हावभावाने धमकी आणि वस्तूंवर राग काढणं. मला स्वतःला आणखी दोन गोष्टी सावध करतात. एक म्हणजे मघापासून ओरडणारा माणूस अचानक गप्प होणं, दुसरी म्हणजे बाहेरची माणसं वाढत जाणं. नंतर आलेल्या माणसाने काहीच पाहिलेलं नसतं, त्याला फोनवर "डॉक्टरांनी मारलं" एवढंच कळलेलं असतं आणि आल्या आल्या त्याला काहीतरी करून दाखवायचं असतं. सख्खे बसून रडत असतात, हात उचलणारा कित्येकदा हा असतो. त्यामुळे गर्दी वाढतीये असं दिसलं की सिक्युरिटीला तेव्हाच बोलवा, आवाज चढायची वाट बघू नका. फक्त गार्डने येऊन छाती काढून समोर उभं राहायचं नाही, दिसेल पण अंगावर येणार नाही असं बाजूला उभं राहायचं. हे गार्डला आधी सांगावं लागतं, कारण त्याला बहुतेक ठिकाणी काहीच शिकवलेलं नसतं.

आता बोलणं. समोरचा भडकलेला असताना किमान दोन हात अंतर ठेवा, अगदी समोरासमोर न उभं राहता जरा तिरकं, हात दिसतील असे, खिशात नाही आणि छातीवर घडीही नाही. तुमच्या मागे दार असू दे, पण त्याचीही वाट अडवू नका, कोंडलेला माणूस जास्त मारतो. आपल्या बाजूने एकानेच बोलायचं. चार जण एकदम समजावायला लागले की तो चौघांशी भांडतो. वाक्यं छोटी. "शांत व्हा" हे दोन शब्द कायमचे विसरा, आजवर हे ऐकून कोणी शांत झालेला मी पाहिला नाही. त्याऐवजी आधी त्याचं ऐका, मध्ये न बोलता, आणि त्यात जे खरं आहे ते मान्य करा. "तासभर तुम्हाला कोणी काही सांगितलं नाही, हे बरोबर नाही झालं" एवढं म्हटल्याने उपचारात चूक झाली असं कबूल केल्यासारखं होत नाही, लोकांना उगाच तशी भीती वाटते. मग दोन पर्याय द्या, दोन्ही तुम्हाला चालणारे. "तुम्ही दोघं माझ्याबरोबर आत बसून बोलू या की आधी त्यांना बघून घेताय?" माणसाला काहीतरी ठरवायला मिळालं की हाताची मूठ थोडी सैल होते. मर्यादा सांगायची असेल तर धमकीसारखी नको. "पोलिसांना बोलवीन" असं बोट दाखवून म्हणण्यापेक्षा "मला तुमच्याशी बोलायचंय, पण असा धक्का बसला तर मला इथून जावं लागेल", आणि परत धक्का बसला तर खरंच जा.

मृत्यूची बातमी सांगायला 2000 मध्ये आलेली स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत तुम्ही शिकला असाल. ती मुळात कॅन्सरच्या पेशंटशी बोलण्यासाठी बनवलेली आहे, तिथे वेळ असतो, कॅज्युअल्टीत तो नसतो. मी त्यातलं एवढंच घेतो की जागा, बसणं, आधी इशारा आणि मग स्पष्ट शब्द. कॉरिडॉरमध्ये उभ्याने सांगू नका. खोलीत दोन-तीन जवळचेच घ्या, बाकीचे बाहेर. तुमच्याबरोबर दुसरं कोणीतरी हवंच, एकट्याने जायचं नाही ही माझ्याकडे न मोडायची गोष्ट आहे, मग सिनिअर कितीही झोपेत असो. दाराजवळच्या खुर्चीत तुम्ही बसा. स्टेथोस्कोप गळ्यातून काढून ठेवा, आयकार्डची दोरी ओढली तर सुटणारी ठेवा, गळ्यात अडकलेली कुठलीही वस्तू म्हणजे समोरच्याच्या हातात दिलेली मूठ. "वाईट बातमी आहे" म्हणा, क्षणभर थांबा, आणि मग "त्यांचा मृत्यू झाला". "आम्ही खूप प्रयत्न केले पण..." इथे वाक्य सोडू नका, समोरचा त्या पण-च्या पुढे "आयसीयूत ठेवलंय" असं ऐकतो आणि दोन मिनिटांनी खरं कळल्यावर फसवल्यासारखं वाटतं. मग गप्प बसा. ती शांतता भयंकर लांब वाटते, ती मेडिकल टर्म्सनी भरू नका.

खोल्यांबद्दल थोडंसं, कारण हे कोणी बघत नाही. केरळमध्ये कोट्टारक्कराला 10 मे 2023 च्या पहाटे पोलिसांनी ड्रेसिंगसाठी आणलेल्या माणसाने तिथलीच कात्री उचलून तरुण हाउस सर्जनला (इंटर्न डॉक्टरला) भोसकलं, ती वाचली नाही. पोलिस बरोबर असूनही हे झालं. म्हणून ड्रेसिंग रूममध्ये कात्री, ब्लेड, सुया हाताला येतील अशा उघड्या ट्रेमध्ये ठेवायच्या नाहीत, आणि पोलिस बरोबर आहेत म्हणजे आपण सुरक्षित आहोत असं धरून चालायचं नाही. सलाइनचा सुटा स्टँड, टेबलावरचा पेपरवेट, काचेची बरणी, सगळं तसंच. कॅमेऱ्याबद्दल एवढंच की तो पुरावा देतो, हात धरत नाही.

एवढं सगळं करूनही कधी कधी होतंच. तेव्हा निघायचं. यावर ज्युनिअर्स मला नेहमी विचारतात की आतले बाकीचे पेशंट टाकून कसं जायचं, आणि खरं सांगायचं तर याला स्वच्छ उत्तर नाही. जीवावर बेतलं असेल तर थांबणं हे तुमचं कर्तव्य नाही, जखमी डॉक्टर तसाही कोणाच्याच कामाचा नसतो. पण हे त्या क्षणी ठरवण्यासारखं नाही, आधी ठरलेलं असलं पाहिजे. कुठली खोली आतून लॉक होते, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटकडचं दार कोण लावणार, अलार्म दाबला की कोण किती वेळात पोचणार. टर्कीत 2012 मध्ये एका तरुण सर्जनचा खून झाल्यावर देशभर 'व्हाइट कोड' नावाची, स्टाफवर हल्ला होतोय अशी सूचना देण्याची पद्धत सुरू झाली. नाव काहीही द्या, सीपीआरसाठी सगळ्यांना बोलवायच्या सूचनेचा, म्हणजे कोड ब्लूचा, सराव आपण करतो तसा याचाही करावा लागतो. मी जिथे जिथे विचारलं तिथे अलार्मचं बटन कुठे आहे हे निम्म्या स्टाफला माहीत नव्हतं, आणि एका जागी तर ते कपाटाच्या मागे होतं.

झाल्यानंतरचं. जखम किरकोळ असली तरी दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून नोंद करून घ्या. घडलेलं त्याच दिवशी लिहून काढा, वेळ, जागा, कोण होतं, त्यांचे शब्द जसेच्या तसे. "नातेवाईक उद्धट होते" असं लिहू नका, ते काय म्हणाले ते लिहा. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, ते काढून ठेवायला लेखी सांगा. पेशंटच्या केसपेपरला मात्र हात लावायचा नाही. काही लिहायचं राहिलं असेल तर उशिरा लिहिल्याची तारीख-वेळ टाकून वेगळी नोंद करा, मागे जाऊन खाडाखोड केली तर मार खाल्लेला माणूस आरोपी होऊन बसतो. तक्रार संस्थेच्या नावाने जाऊ दे, तुम्ही एकट्याने कोर्टाच्या तारखा करत बसणार नाही आणि समोरच्याला तेच हवं असतं. कायदा तुमच्याकडे काय आहे ते बघून घ्या, शिक्षा आणि कलमं जागोजागी वेगळी आहेत. पण एक गोष्ट सगळीकडे मांडता येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामाच्या जागेवरच्या हिंसेविरुद्ध 190 क्रमांकाचा करार 2019 मध्ये केला, 2021 पासून तो लागू आहे, आणि त्यासोबतच्या शिफारशीत बाहेरून येणाऱ्यांचा, म्हणजे पेशंट-ग्राहकांचासुद्धा, जोखमीत विचार करायला सांगितलंय. म्हणजे मार खाणं हा या नोकरीचा भाग नाही, तो मालकाने कमी करायचा धोका आहे, जसा एक्सरे विभागातला रेडिएशनचा.

तुमच्या पोटातल्या गोळ्याबद्दल. पहिले काही आठवडे झोप न लागणं, तोच प्रसंग परत परत डोळ्यासमोर येणं, दार जोरात आपटलं की दचकणं, हे अपेक्षित आहे. जबरदस्तीने सगळ्यांसमोर "काय झालं ते सांग" अशी एकदाची बैठक घेतात ना काही ठिकाणी, त्याने फायदा होत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही ती घेऊ नका म्हणते. ज्याच्याशी बोलावंसं वाटेल त्याच्याशी, वाटेल तेव्हा बोला. महिना उलटूनही हेच चालू असेल, किंवा तुम्ही ड्युट्या बदलून घ्यायला लागलात, गंभीर पेशंट टाळायला लागलात, घाबरून नको त्या तपासण्या लिहायला लागलात तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. डॉक्टर असल्यामुळे हे आपोआप ओसरत नाही.

आणि पुढच्या नाइटच्या आधी तुमच्या युनिट हेडला एक मेल टाका. त्यात चारच गोष्टी विचारा: रात्री मृत्यूची बातमी सांगायला माझ्याबरोबर दुसरं कोण येणार, ती सांगायला खोली कुठली, अलार्म दाबल्यावर कोण किती वेळात येणार, आणि सीपीआर चालू असताना बाहेर नातेवाइकांशी कोण बोलणार. तोंडी "बघू या" मिळालं तर तेच दुसऱ्या मेलमध्ये लिहून परत पाठवा, तारखेसकट.